पन्नास पुस्तकांतून हरवलेला शब्द

…तर ती बुटकी थप्पी मावशींच्या नजरेस पडली, इथवर काल आलो होतो आणि नेमकी जेवायची हाक आली. आज दोन मंडळी नवीन दिसतायत, तेव्हा थप्पी कसली आणि मावशी कुणाच्या, हे आधी सांगून घेऊ. नाहीतर लग्नाला येऊन नवरा-नवरी कोण ते माहीत नाही, अशी गत व्हायची.

मावशी तशा कुणाच्याच मावशी नव्हत्या. ज्या बाईला बहीणच नाही ती मावशी कुठून होणार? पण छापखान्यातले झाडून सगळे, मालकापासून ट्रकवाल्यापर्यंत, त्यांना मावशीच म्हणत. चौथीपर्यंत शाळा. एकोणिसाव्या वर्षी कागदाच्या घड्या घालायला म्हणून त्या छापखान्यात शिरल्या, तेव्हापासून चाळीस वर्षं बांधणी खात्यात. उजव्या अंगठ्याला घट्टा असा पडलेला की टाचणी टोचली तरी कळू नये, आणि त्याच अंगठ्याला कागद मात्र एकाचे दोन आले तर लगेच कळत. घरधनी त्याच छापखान्यात मशीनवर होते. मशीनच्या आवाजानं त्यांचे कान गेले ते गेलेच. निवृत्त झाल्यावर ते म्हणत, संसार सुखाचा झाला त्याचं कारण हेच.

बांधणी खात्याची खोली मागच्या अंगाला, पत्र्याच्या छपराखाली. मधोमध भलंमोठं टेबल. पुस्तकाचे सोळा-सोळा पानांचे फर्मे छापून, घडी घालून आले की टेबलाच्या कडेनं त्यांच्या थप्प्या ओळीनं लावायच्या. पहिला फर्मा, दुसरा फर्मा, तिसरा फर्मा. मग बायका टेबलाभोवती फिरत प्रत्येक थप्पीवरून एकेक फर्मा उचलणार, आणि फेरी पुरी झाली की हातात एक पुस्तक. ह्याला जुळणी म्हणतात. मावशी सांगायच्या, जन्मभर रोज दोन-तीन कोस चालले आणि पोचले कुठे, तर निघाले तिथेच.

थोरल्या मालकांनी, म्हणजे आताच्या मालकांच्या वडिलांनी, त्यांना एक रीत लावून दिली होती. जुळणी संपली की टेबल लगेच आवरायचं नाही. आधी उकिडवं बसायचं, डोळे टेबलाच्या पातळीला आणायचे, आणि उरलेल्या थप्प्यांकडे आडवं बघायचं. छापताना प्रत्येक फर्मा थोडा जास्तीचा छापतात, त्यामुळे शेवटी सगळ्या थप्प्या सारख्याच उंचीच्या उरल्या पाहिजेत. एखादी बुटकी आणि एखादी उंच दिसली, तर समजायचं की कुणाचं तरी लेकरू दुसऱ्याच्या घरात जेवतंय.

आता ती बुटकी थप्पी ज्या पुस्तकाची, ते पुस्तक म्हणजे इंग्रजी शब्दांचा कोश. इंग्रजी शब्द आणि पुढे आपल्या भाषेत अर्थ. सहासष्ट फर्मे, हजारावर पानं, बाराशे प्रती. एका प्राध्यापकांनी अकरा वर्षं खपून तो केला होता. सगळे त्यांना नुसतं सर म्हणत. माणूस विद्वान, मनाचा चांगला, पण बारा महिने छत्री घेऊन हिंडणारा. तोंडात एक शब्द बसलेला: अनथिंकेबल. चहात साखर जास्त झाली, अनथिंकेबल. मशीन दोन दिवस बंद, अनथिंकेबल. त्यांच्या आणि मुद्रितशोधकांच्या मिळून सात वाचनांनंतर कोशात चूक राहणं तर महाअनथिंकेबल. मावशींना ती शिवी आहे की शाबासकी हेच कळेना, कारण सर दोन्ही वेळा भुवया सारख्याच उंच करत.

ह्या शब्दानं एक काम मात्र बिघडवून ठेवलं होतं. प्रत्येक फर्म्याच्या घडीवर, पाठीच्या बाजूला, एक छोटी काळी खूण छापतात. पहिल्या फर्म्याची खूण वर, दुसऱ्याची जरा खाली, तिसऱ्याची आणखी खाली. जुळणी बरोबर असेल तर पुस्तकाच्या पाठीवर काळा जिना उतरलेला दिसतो. एक पायरी चुकली की आंधळ्यालाही कळावं. सरांनी कच्ची प्रत पाहिली आणि विचारलं, अकरा वर्षांच्या कामाच्या पाठीवर हे डाग कसले? पाठीवर पुठ्ठा चढला की ते झाकले जातात, असं मावशी सांगायला गेल्या. सर म्हणाले, अनथिंकेबल. मालकांनी खुणा काढायला लावल्या. पायऱ्या गेल्या, भरवसा तेवढा राहिला.

जुळणीच्या शेवटच्या दिवशी मावशी नव्हत्याच. उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढायला गेल्या होत्या. मागे नव्या पोरींनी टेबल आवरलं, उरलेल्या थप्प्या बांधून फळीवर टाकल्या. पुस्तकं शिवली गेली, कापली गेली, पुठ्ठे चढले. प्रकाशन समारंभ उद्यावर आला, तेव्हा सकाळी मालकांनी मावशींना निरोप दिला की फळीवरचे उरलेले फर्मे रद्दीत काढून टाका. मावशींनी ते खाली घेतले, आणि सवय वाईट, म्हणून ओळीनं टेबलावर मांडले. उकिडव्या बसल्या. नव्या डोळ्यानं आडवं बघितलं.

बासष्टावी थप्पी बोटभर. त्रेसष्टावी तिच्या शेजारी ताडमाडासारखी.

मावशींनी मोजलं. बाकी सगळीकडे साठ-साठ उरलेले. बासष्टाव्यात दहा. त्रेसष्टाव्यात एकशे दहा. पन्नास इकडचे तिकडे. अजून आशा होती, की परके पन्नास त्या उंच थप्पीतच तळाशी पडून असतील, पुस्तकांपर्यंत गेलेच नसतील. म्हणून त्यांनी एकशे दहाच्या एकशे दहा फर्म्यांचे पानांचे आकडे बघितले. सगळे नऊशे त्र्याण्णवपासून सुरू होणारे, अस्सल त्रेसष्टावे. मग परके कुठे गेले? पुस्तकांत. म्हणजे पन्नास कोशांत बासष्टावा फर्मा दोनदा बसलाय आणि त्रेसष्टावा नाहीच. दोन्ही फर्म्यांत ‘अन’नं सुरू होणारे शब्द, पानं जुळ्या भावंडांसारखी, आणि वरून बघणाऱ्याला संशय येण्याचं कारणच नाही.

मग मावशींच्या मनात पुढचा विचार आला. फर्म्यांचे गठ्ठे गोदामातून आणून थप्प्यांवर कोण ठेवत होतं? पन्नासाच्या गठ्ठ्यावर मशीनवाल्यानं घाईत खरडलेली चिठ्ठी, दोनाचा आकडा आणि तिनाचा आकडा यात फरक तो केवढा, आणि डोळ्यात तेव्हा धुकं. ठेवणाऱ्या मावशीच होत्या.

आता पेच बघा. आधीच मालक महिनाभर गोड बोलून सुचवत होते की मावशी, आता आराम करा, डोळ्यांना त्रास नको. घडी घालायचं यंत्र आलं होतंच. आता त्यांनी स्वतःच्या तोंडानं जाऊन सांगायचं, की माझ्या हातून चूक झाली, म्हणजे कोंबडीनंच सुरी आणून देण्यासारखं होतं. आणि पुस्तकं तपासून चूक सापडलीच नाही, तर म्हातारीला भ्रम झाला म्हणून घरी बसवणार. गप्प राहिलं तर? पन्नास कोश पन्नास शाळांत जातील, कुणीतरी पोर एखादा शब्द शोधील, सापडणार नाही, आणि आपणच मठ्ठ म्हणून गप्प बसेल. कोश चुकलाय असं कुठल्या पोराच्या मनात येणार?

दुपारी घरी जेवताना त्यांनी घरधन्यांना हे सांगितलं. दोनदा सांगावं लागलं, दुसऱ्यांदा मोठ्यानं, त्यामुळे शेजारणीलाही कळलं. घरधनी म्हणाले, झाकली मूठ सव्वा लाखाची, गप्प जेव. मावशींनी विचारलं, तुमच्या मशीनचा खिळा निसटला असता आणि तुम्हाला माहीत असतं, तर तुम्ही जेवला असता का? घरधन्यांनी ते ऐकलं की नाही कळलं नाही, पण त्यांनी हातातला घास ताटात ठेवला.

दोनच्या ठोक्याला मावशी मालकांच्या खोलीत. सर तिथेच बसले होते, उद्याच्या भाषणाचे कागद मांडीवर घेऊन. मावशींनी उभ्या उभ्या सगळं सांगितलं, काही हातचं राखलं नाही.

सरांच्या भुवया चढल्या. शब्द आलाच.

मालकांनी टेबलावरची प्रत उघडली, पानं चाळली. नऊशे ब्याण्णव, पुढे नऊशे त्र्याण्णव. बरोबर. दुसरी उघडली, तीही बरोबर. मग ते जरा मऊ आवाजात म्हणाले, “मावशी, पाच वाजता ट्रक येतोय. बाराशे पुस्तकं कोण उघडून बघणार?”

“बाराशे नाही. अठ्ठेचाळीस.”

“ते कसं?”

“पुस्तकं आपण पंचविसाच्या गठ्ठ्यानं जुळवतो. शिलाईही गठ्ठ्यानं, पुठ्ठाही गठ्ठ्यानं. एकाचा माल दुसऱ्यात कधी जात नाही. पन्नास ओळीनं चुकले म्हणजे निदान एक गठ्ठा तरी सबंध चुकीचा असणार. प्रत्येकातलं वरचं एक उघडायचं. सापडलं की शेजारचे दोन गठ्ठे सोडवायचे.”

मालक हिशेब करत बसले. सर म्हणाले, की हा माझ्या अकरा वर्षांवर अविश्वास आहे. मावशी म्हणाल्या, “तुमच्यावर नाही, सर. माझ्यावर. थप्पी मी लावली.”

मालकांना शेवटी असं वाटलं असावं, की हो म्हटलं तर पाचपर्यंत तरी खोली शांत राहील. त्यांनी सांगितलं, बघा हवं तर. पण काही निघालं नाही, तर मावशी, उद्यापासून घरी. हारतुरे घालून, मानानं, पण घरी. मावशी बरं म्हणाल्या आणि निघाल्या.

वाटेत मुद्रितशोधकांची कोंदट खोली. हे गृहस्थ दिवसभर भिंग डोळ्याला लावून बसत, म्हणून त्यांचं नाव भिंगकाका. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधून शोधून त्यांना माणूस भेटला की आधी त्याच्या सदऱ्याचं उलटं लागलेलं बटण दिसे. मावशींनी त्यांना मदतीला चला म्हटलं, आणि चालता चालता विचारलं, की काका, ते अनथिंकेबल म्हणजे असतं तरी काय?

भिंगकाका खूश झाले. जन्मभर कुणी त्यांना अर्थ विचारला नव्हता, फक्त चूक कुठे ते विचारत. ते म्हणाले, अर्थ सोपा आहे. ज्याची कल्पनासुद्धा करवत नाही, जे मनातच आणता येत नाही, ते. पण मावशी, अर्थ निराळा आणि वापर निराळा. तो शब्द तीन तऱ्हेची माणसं वापरतात. पहिला, ज्याला ती गोष्ट खरोखर सुचतच नाही. असा एखादाच. दुसऱ्याला सुचलेली असते, पण तसं वागणं त्याला पाप वाटतं, म्हणून तो म्हणतो, हे मनातही आणू नका. आणि तिसरा म्हणजे ज्याला खुर्चीतून उठून बघायचा कंटाळा.

“मग सर कितवे?” मावशींनी विचारलं.

भिंगकाकांनी भिंग पुसलं. “सर चौथे. त्यांना बघायची भीती वाटते. अकरा वर्षं आहेत त्यात, मावशी. तुम्हाला भीती नाही वाटत?”

वाटते, मावशी म्हणाल्या, पण माझी नोकरी गेलीच आहे तर बघून तरी घेते.

गोदामात अठ्ठेचाळीस गठ्ठे, कागदात गुंडाळून दोरीनं करकचून बांधलेले, प्रत्येकावर क्रमांक. दोरी कापायची, कागद उलगडायचा, वरचं पुस्तक घ्यायचं, अंगठ्यानं शेवटाकडचं पान काढायचं. मावशींचा अंगठा पहिल्याच झटक्यात नऊशे नव्वदच्या आसपास पडायचा. ब्याण्णवपुढे त्र्याण्णव आलं की भिंगकाका ‘आहे’ म्हणायचे, आणि गठ्ठा परत बांधायचा. आहे. आहे. आहे. दहा झाले, वीस झाले. नव्या पोरी कामं सोडून दाराशी उभ्या राहिल्या. एकीनं दुसरीला विचारलं, की मावशींना शोधायचंय ते सापडावं असं म्हणायचं की सापडू नये? दुसरीलाही ते सांगता येईना.

तीस झाले. चार वाजले. दारातून घरधनी आत आले, घरचा सदरा घालून, कात्री स्वतःची घेऊन. जमिनीवर मांडी ठोकून त्यांनी दोऱ्या कापायला घेतल्या. मावशी म्हणाल्या, झाकल्या मुठीचं काय झालं? ह्या खेपेला त्यांना पहिल्यांदाच ऐकू गेलं. म्हणाले, मूठ दुखायला लागली.

चाळीस झाले. आहे. भिंगकाकांचा आवाज खाली खाली येत चालला. बेचाळीस, आहे. त्रेचाळीस, आहे. मालक येऊन दाराच्या चौकटीला टेकले होते, त्यांनी घड्याळ बघितलं आणि मावशींकडे न बघता घसा साफ केला. त्यांना वाईट वाटत होतं, हे खोटं नाही.

चव्वेचाळिसाव्या गठ्ठ्याची दोरी कापली. मावशींनी वरचं पुस्तक घेतलं, अंगठा टाकला, आणि भिंगकाका गप्प. मावशींनी पुस्तक त्यांच्या तोंडाजवळ नेलं.

“नाही,” भिंगकाका म्हणाले. “ब्याण्णवपुढे सत्त्याहत्तर आहे.”

मावशींनी त्या गठ्ठ्यातली पंचवीसच्या पंचवीस उघडली, सगळी चुकीची. त्रेचाळिसाव्यात वरचं बरोबर होतं, पण तळाशी नऊ निघाली. पंचेचाळिसाव्यात सोळा. नऊ, पंचवीस आणि सोळा. घरधन्यांनी बोटांवर बेरीज केली आणि पन्नास भरल्यावर त्यांनी छापखान्याला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, की माझी बायको खुळी आहे असं इथं कोण म्हणत होतं? तसं कुणीच म्हटलं नव्हतं, पण त्यांना उत्तर द्यायच्या फंदात कोण पडणार?

तेवढ्यात सर आले. मावशींनी त्यांना चूक दाखवली नाही. नुसतं पुस्तक हातात दिलं आणि म्हणाल्या, सर, तुमचा तो नेहमीचा शब्द एवढा काढून द्या.

सरांनी छत्री भिंतीला टेकवली. शब्द कुठे आहे हे त्यांना झोपेतही सांगता आलं असतं. त्यांनी पान काढलं, मागे गेले, पुढे गेले. बोट ओळींवरून सरकत राहिलं. ‘अन’चे शब्द आले, संपले, आणि पहिल्यापासून पुन्हा सुरू झाले. ते बाकावर बसले. चष्मा काढला. सात वेळा वाचलेला, अकरा वर्षं तोंडात घोळलेला तो शब्द त्यांच्याच कोशात नव्हता, आणि तो नाही हे दाखवायला लागली चौथी शिकलेली बाई. मग म्हणाले, “मावशी, तो काळा जिना मी काढायला लावला.”

“हो,” मावशी म्हणाल्या, “आणि गठ्ठा मी चुकीचा ठेवला. अर्धी-अर्धी करू.”

सर हसले तेव्हा सगळे हसले. मग कामं भराभर झाली. रद्दीत निघालेल्या त्या एकशे दहा फर्म्यांतलेच पन्नास घेऊन पुस्तकं नीट करायची ठरलं. मावशींनी मांडले नसते तर सकाळीच गेले असते सगळे. साडेअकराशे कोश पाचच्या ट्रकनं गेले, बाकीचे पन्नास, पुठ्ठे सोडवून, पुन्हा शिवून आठ दिवसांत पाठवायचे होते. मालकांनी तिथल्या तिथे सांगितलं, की काळी खूण आजपासून प्रत्येक पुस्तकावर, मग लेखक कुणीही असो, आणि खूण बघितल्याशिवाय एकही पुस्तक पुठ्ठ्याला जाणार नाही. बघणार मावशी. त्यांचा दुसरा डोळाही छापखान्यानं करून द्यायचा. घरधनी म्हणाले, कानाचंही बघा काहीतरी, पण मालकांना अचानक ऐकू येईनासं झालं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सभागृह भरलेलं. फुलं, खुर्च्या, कुरकुरणारा माइक. मावशी धुतलेल्या कपड्यांत तिसऱ्या रांगेत बसल्या होत्या, शेजारी घरधनी, त्यापलीकडे भिंगकाका, पुढच्या माणसाच्या सदऱ्याची बटणं तपासत. पाहुणे बोलले, मालक बोलले. मग सर उठले. भाषणाचे कागद त्यांनी घडी करून खिशात घातले आणि कालची सगळी हकीगत सांगितली, स्वतःला एका शब्दानं न वाचवता. काळे डाग, सात वाचनं, अठ्ठेचाळीस गठ्ठे, सगळं. लोक आधी हसले, मग माना वळवून वळवून ती बाई कुठे बसलीय ते बघायला लागले.

सरांनी मावशींना वर बोलावलं. त्या येईनात, तेव्हा घरधन्यांनी कोपरानं ढोसून उठवलं. शाल, नारळ असलं काही नव्हतं. सरांनी कोशाची पहिली प्रत त्यांच्या हातात दिली आणि सभागृह उठून उभं राहिलं. एवढ्या टाळ्या मावशींनी दुसऱ्यासाठीही कधी ऐकल्या नव्हत्या. त्यांनी सवयीनं पुस्तकाच्या पाठीवरून अंगठा फिरवला.

टाळ्या थांबल्यावर सर माइकशी वाकले. म्हणाले, “मावशी, ह्या शब्दाचा अर्थ मी कोशात दिलाय, पण वापर दाखवायला वाक्य दिलं नाही, कारण मला तो वापरता येतो असं मला उगीच वाटत होतं. पुढच्या आवृत्तीत त्या शब्दाखाली एक वाक्य घालायचंय, आणि ते तुमचं हवं. सांगा, मी लिहून घेतो.” त्यांनी खरंच पेन काढलं.

मावशींनी एकदा भिंगकाकांकडे बघितलं, एकदा त्या पेनकडे, आणि म्हणाल्या:

“लिहा, सर. ‘आमच्या हातून चूक होणं अनथिंकेबल आहे, तरी गठ्ठे एकदा उघडून घ्या.’”